हिशेब येतो, पेपर पुरा होत नाही: बी.कॉम.च्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी असलेल्या अनुदानित महाविद्यालयातलं आहे. काळ 2022-23 आणि त्यापुढचं वर्ष. विद्यार्थिनी, तिचं कुटुंब आणि महाविद्यालय यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत किंवा गाळले आहेत. मी या महाविद्यालयात समान संधी कक्षाचं काम पाहते, त्यामुळे पुढे येणारे बहुतेक निर्णय होत असताना मी त्या खोलीत होते.

मुलगी प्रथम वर्ष बी.कॉम.ची, मराठी माध्यमाची. वडिलांची पिठाची गिरणी, आई घरी शिवणकाम करते. शाळेची बरीच वर्षं ती मुंबईत मामाकडे होती. नववीत असताना तिच्या वर्गशिक्षिकेच्या लक्षात आलं की ही मुलगी तोंडी उत्तरं देते, पण वहीत काहीच उतरत नाही. त्यांनीच आग्रह धरून तिला सरकारी रुग्णालयाच्या अध्ययन अक्षमता विभागात पाठवलं. तिथे डिस्लेक्सिया आणि डिसग्राफिया, म्हणजे वाचन आणि लेखन या दोन्हींतली अक्षमता असल्याचं निदान झालं. त्या प्रमाणपत्रावर तिला दहावीला राज्य मंडळाच्या सवलती मिळाल्या: जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा आणि एका भाषेच्या जागी दुसरा विषय. दहावीनंतर ती गावी परतली. बारावीलाही त्याच कागदावर जादा वेळ मिळाला आणि ती बरे गुण घेऊन वाणिज्य शाखेतून पास झाली.

आमच्याकडे प्रवेश घेताना मात्र अर्जावरच्या ‘दिव्यांग आहे का’ या रकान्यात तिने ‘नाही’ लिहिलं. हा रकाना जातीच्या आणि आरक्षणाच्या रकान्यांच्या मधोमध होता. तो राखीव जागेसाठी आहे असंच कोणालाही वाटावं. तिला राखीव जागा नको होती, प्रवेश तसाच मिळत होता.

अडचण काय होती

पहिल्या सत्रात फायनान्शियल अकाउंटिंगच्या 70 गुणांच्या लेखी परीक्षेत तिला 21 गुण पडले. उत्तीर्ण व्हायला 28 लागतात. बाकीचे विषय काठावर सुटले. वर्गात नापास होणाऱ्या मुलांची संख्या कमी नसते, त्यामुळे एवढ्यावर कोणाचंही लक्ष गेलं नसतं. लक्ष गेलं ते अकाउंटन्सीच्या सरांचं, कारण त्यांना तो निकाल पटेना. वर्गात घसारा कसा काढायचा, देणं बाकी खर्च कुठे दाखवायचा, असं विचारलं की पहिला हात या मुलीचा वर असायचा. सरांनी तिला विद्यापीठाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायला लावली आणि ती प्रत घेऊन दोघं माझ्याकडे आले.

ती उत्तरपत्रिका मी अजून विसरलेले नाही. ताळेबंदाच्या गणितात प्रश्नपत्रिकेवर विविध ऋणको 35,800 रुपये होते. तिने उतरवून घेताना 38,500 केले होते. पुढची प्रत्येक पायरी बरोबर: समायोजन बरोबर, नफा-तोटा पत्रक बरोबर. शेवटी दोन्ही बाजू जुळल्या नाहीत. मग तिने सगळ्या बेरजा पुन्हा केल्या, त्या बरोबरच होत्या. पुन्हा केल्या. नंतर अख्खं गणित काट मारून खोडलं आणि नव्याने लिहायला घेतलं, आणि त्यातही 38,500 च लिहिलं, कारण या वेळी तिने आकडा प्रश्नपत्रिकेवरून न घेता खोडलेल्या पानावरून घेतला होता. शेवटचा 16 गुणांचा प्रश्न कोराच राहिला. सिद्धांताच्या टिपांमध्ये ‘व्यवसाय’ हा शब्द एकाच पानावर वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेला, ‘संस्था’चं ‘संथ्सा’ झालेलं, रफार दर वेळी भलत्याच अक्षरावर. ज्याला अध्ययन अक्षमता ठाऊक नाही, त्याला ते पान आळसाचं आणि बेफिकिरीचं वाटेल. परीक्षकाला तसंच वाटलं असावं.

मी विचारलं, “शाळेत कधी तपासणी झाली होती का गं?” ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “झाली होती मॅडम. पण ते शाळेपुरतंच असतं ना? कॉलेजात चालत नाही.” हे तिला कोणी सांगितलं, ते तिलाही सांगता येईना.

म्हणजे अडचण एकच नव्हती. तिच्या वाचन-लेखनातला दोष ही मूळ गोष्ट. त्यावर प्रमाणपत्राची अडचण. सामाजिक न्याय मंत्रालयाने 4 जानेवारी 2018 ला काढलेल्या अधिसूचनेनुसार तेव्हा अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर मिळायचं, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागायची, आणि अठराव्या वर्षी मिळालेलं प्रमाणपत्र आयुष्यभर चालायचं. तिचं प्रमाणपत्र चौदाव्या वर्षाचं होतं. अठरा पूर्ण होऊन काही महिने झाले होते. म्हणजे नेमकी महाविद्यालयात आली आणि हातातला कागद जुना झाला. हा योगायोग नाही. बारावी संपवून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या बाबतीत हेच होणार, कारण अठरावं वरीस आणि प्रथम वर्ष एकत्रच येतं.

तिसरी अडचण घरची. वडील भले गृहस्थ, पण प्रमाणपत्राचा विषय निघताच अवघडले. “मॅडम, शाळेत होती तोवर ठीक होतं. आता दोन वर्षांनी तिच्यासाठी स्थळं बघायची. कागदावर अपंग लागलं तर लोक काय म्हणतील?” या प्रश्नाला कायद्याचं कलम हे उत्तर नव्हे. मी त्यांना तेव्हा कोणतंही कलम ऐकवलं नाही.

आणि वेळ. हे सगळं जानेवारीच्या शेवटी घडत होतं. उन्हाळी परीक्षेचे अर्ज सुटायला थोडेच आठवडे उरले होते.

कोणते पर्याय समोर होते

वडिलांच्या मनात होतं की तिने नियमित महाविद्यालय सोडावं आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून सवडीने बी.ए. करावं. यात तिची अडचण सुटत नव्हती. तिथेही पेपर लिहावाच लागतो, आणि इथे मिळणारे सर, मैत्रिणी, ग्रंथालय सगळं सुटलं असतं. मुख्य म्हणजे तिला हिशेब आवडत होते. ती स्वतः या पर्यायाला एका शब्दात नाही म्हणाली.

आमच्या परीक्षा विभागाचं म्हणणं होतं की नवं प्रमाणपत्र येईपर्यंत थांबावं, तोवर तिने इतरांसारखीच परीक्षा द्यावी. नियमाला धरून होतं. पण नवं प्रमाणपत्र उन्हाळी परीक्षेपूर्वी हातात येण्याची शक्यता फार कमी होती, आणि आणखी एक सत्र असं गेलं असतं तर विषय साचून वर्षच वाया जाण्याची भीती होती.

तिसरा मार्ग म्हणजे जुन्या प्रमाणपत्राच्या आणि नव्या तपासणीसाठी घेतलेल्या तारखेच्या आधारावर विद्यापीठाकडे तात्पुरती परवानगी मागायची. मिळेलच अशी खात्री नाही.

चौथा मार्ग कोणी पर्याय म्हणून मांडलाच नव्हता, तो चर्चेतून वर आला. दर विषयाचे 30 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. चाचणी, स्वाध्याय, तोंडी, प्रकल्प. हे गुण पूर्णपणे आमच्या हातात. तिथे सवलत द्यायला विद्यापीठाच्या पत्राची वाट पाहायची गरज नव्हती. तरीही आजवर एकाही विद्यार्थ्याला तिथे सवलत दिली गेली नव्हती, कारण सवलत म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर विद्यापीठाची परीक्षा आणि सांगितलेलं उत्तर लिहून देणारा लेखनिक एवढंच येतं.

आम्ही तिसरा आणि चौथा मार्ग एकदम धरायचं ठरवलं. वडिलांशी बोलणं अकाउंटन्सीच्या सरांनी केलं. गिरणीवर जाऊन, दळण चालू असताना. त्यांनी अपंगत्वाचा शब्दही काढला नाही. तिचं खोडलेलं गणित दाखवलं आणि म्हणाले, “हे सगळं बरोबर आहे. एक आकडा सोडला तर तुमच्या मुलीने पैकीच्या पैकी काढलेत.” वडिलांनी ते पान बराच वेळ हातात धरलं आणि मुंबईला जायला तयार झाले. एक अट घातली: गावात बोभाटा नको.

काय केलं

पहिलं काम, तिला नेमकं काय लागतं ते शोधणं. याच टप्प्यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे, कारण हाच टप्पा सर्रास गाळला जातो. अध्ययन अक्षमता म्हटली की ‘लेखनिक आणि जादा वेळ’ हे जोडीचं माप सगळ्यांना लावलं जातं. आम्ही तिला जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन वेगवेगळ्या पद्धतींनी सोडवायला बसवलं. कधी लेखनिक देऊन, कधी एकटीने जादा वेळेत, कधी फक्त प्रश्न वाचून दाखवणारा वाचक देऊन.

अकाउंटन्सीला लेखनिक दिला तेव्हा तिचे हाल झाले. खतावणी तोंडी सांगणं ही वेगळीच कसरत आहे. डावीकडे हे लिही, उजवीकडे ते, त्याच्याखाली दोन ओळी सोड, आता वर जाऊन आकडा भर. सांगता सांगता तिचा धागा तुटे. शिवाय तेव्हाच्या नियमानुसार विद्यार्थ्याने स्वतः आणलेला लेखनिक एक पायरी खालच्या शिक्षणाचा असावा लागायचा, त्याला समायोजनं ठाऊक असतीलच असं नाही. एकटीने लिहिताना मात्र, वेळ पुरेसा असला आणि आकडे कोणी एकदा मोठ्याने वाचून दाखवले, की ती जवळपास पूर्ण पेपर सोडवत होती. अर्थशास्त्र आणि व्यवस्थापनाच्या पेपरांना नेमकं उलट. तिथे लेखनिक मिळताच उत्तरं दुप्पट लांबीची आणि मुद्देसूद व्हायला लागली. म्हणजे तिला गणिती पेपरला वाचक आणि वेळ हवा होता, सिद्धांताच्या पेपरला लेखनिक. पाच तास बसून केलेल्या या सरावाने जे कळलं ते प्रमाणपत्रावरच्या टक्केवारीतून कधीच कळलं नसतं.

सरांनी तिला आणखी एक गोष्ट शिकवली, जी जुन्या मुनिमांना पक्की ठाऊक असायची. दोन आकड्यांची अदलाबदल झाली की येणारा फरक 9 ने नि:शेष भागला जातो. 38,500 वजा 35,800 म्हणजे 2,700, आणि 2,700 ला 9 ने भाग जातो. तेव्हा तेरीज (नावे आणि जमा बाजूंच्या शिल्लक रकमांची यादी) जुळली नाही की बेरजा पुन्हा करत बसायचं नाही. आधी फरकाला 9 ने भागून बघायचं. भाग गेला तर प्रश्नपत्रिकेवर बोट ठेवून एकेक आकडा ताडून पाहायचा. यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, कोणता अर्ज लागत नाही. तिच्या दृष्टीने ही सगळ्यात मोलाची मदत ठरली.

अंतर्गत गुणांसाठी प्राचार्यांनी लेखी आदेश काढला: चाचणीला दर तासामागे 20 मिनिटं जादा, स्वाध्याय हस्तलिखिताऐवजी टंकलिखित चालेल, शुद्धलेखनाचे गुण कापायचे नाहीत, आणि हिशेबात आकडा उतरवताना चूक झाली तर त्या एका पायरीचाच गुण जाईल, पुढची रीत बरोबर असेल तर तिचे गुण द्यायचे. यावर शिक्षकांच्या बैठकीत वाद झाला. एका सहकाऱ्यांनी विचारलं, बाकीच्या मुलांवर हा अन्याय नाही का? प्रश्न रास्त होता. त्यावर अकाउंटन्सीच्या सरांचं उत्तर असं: मी तिची हिशेबाची समज तपासतोय की आकडे नकलून काढण्याचा वेग? समज तपासत असेन, तर आजवर मी तिला चुकीचे गुण देत होतो. भाषेच्या पेपरला हे उत्तर पुरत नाही हेही त्याच बैठकीत मान्य झालं. तिथे लेखन हाच तपासायचा विषय असतो. इंग्रजीच्या बाबतीत आम्ही वेळ दिला, इतर काही दिलं नाही.

कायद्याचा आधार लागला तो विद्यापीठाला पत्र लिहिताना. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. आधीच्या 1995 च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती, अध्ययन अक्षमता त्यात नव्हतीच. नव्या कायद्यातल्या 21 प्रकारांमध्ये ती आली. कलम 16 मान्यताप्राप्त संस्थांवर प्रत्येकाच्या गरजेनुसार वाजवी सोयी देण्याची जबाबदारी टाकतं, कलम 17 मध्ये परीक्षेतला जादा वेळ आणि लेखनिक यांचा स्पष्ट उल्लेख आहे. या कलमांना किमान 40 टक्के दिव्यांगत्वाची अट नाही, ती अट आरक्षणासारख्या लाभांना आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसणाऱ्या एका उमेदवाराच्या खटल्यात हाच फरक मांडला होता. त्यानंतर 10 ऑगस्ट 2022 ला केंद्राने 40 टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असलेल्या, लिहायला अडचण येणाऱ्या उमेदवारांसाठीही वेगळ्या सूचना काढल्या. ही सगळी कागदपत्रं आम्ही पत्राला जोडली.

विद्यापीठाने उन्हाळी परीक्षेसाठी तात्पुरता जादा वेळ मंजूर केला, लेखनिक नाकारला. नाकारण्यामागे कारण होतं. 29 ऑगस्ट 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अंध, दोन्ही हात बाधित आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेल्या उमेदवारांना मागणी केली की लेखनिक मिळायचा. इतर प्रकारांत, म्हणजे अध्ययन अक्षमतेतही, लिहिण्याची मर्यादा असल्याचं जिल्हा शल्यचिकित्सक किंवा तत्सम अधिकाऱ्याचं वेगळं पत्र लागायचं. मूळ प्रमाणपत्र असूनही. पुष्कळ मुलांचा लेखनिक याच एका कागदावाचून अडायचा.

मुंबईची तपासणी हा प्रकरणातला सगळ्यात नाजूक भाग होता. जिल्हा रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ होते, विशेष शिक्षक नव्हते, म्हणून त्यांनीच मोठ्या रुग्णालयात जायला सांगितलं. जुनी फाइल मुंबईत होती, मामा होते, तेव्हा तिथेच जायचं ठरलं. भीती अशी होती: देशभर वापरली जाणारी बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणी शाळकरी मुलांसाठी बेतलेली आहे, तिचा वरचा टप्पा आठ ते बारा वर्षांचा. मराठीतही उपलब्ध असलेली, मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली चाचणी पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी आहे. अठरा वर्षांची, इतकी वर्षं धडपडून वाट काढलेली मुलगी चौथीचा उतारा बरा वाचून दाखवणारच. मग ‘आता अक्षमता उरली नाही’ असा शेरा पडायचा. म्हणून आम्ही तिच्याबरोबर खऱ्या कामाचा गठ्ठा पाठवला: ती खोडलेली उत्तरपत्रिका, सरावाचे पेपर, प्रत्येकावर लागलेला वेळ, आणि सरांचं पानभर निरीक्षण. तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी ते सगळं मन लावून पाहिलं, असं तिने सांगितलं. काही फेऱ्यांनंतर 40 टक्के नोंदीचं, कायमस्वरूपी प्रमाणपत्र मिळालं. त्यावर दिव्यांगांचं वैश्विक ओळखपत्रही निघालं, आणि जिल्हा शल्यचिकित्सकांचं लेखनिकासाठीचं पत्रही. तोपर्यंत उन्हाळी परीक्षा होऊन गेली होती.

उन्हाळी परीक्षेच्या दिवसाची तयारी आम्ही वेगळी केली होती. 12 सप्टेंबर 2021 च्या ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला हक्काचा जादा तास न देता केंद्रावर उत्तरपत्रिका काढून घेतली होती. ती मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेली. 23 नोव्हेंबर 2021 ला न्यायालयाने अन्याय झाल्याचं मान्य केलं, पण पुन्हा परीक्षा घ्यायला सांगितलं नाही. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने भरपाईचा मार्ग शोधावा, असा आदेश दिला. परीक्षेच्या खोलीत गेलेली वेळ देशातलं सर्वोच्च न्यायालयही जशीच्या तशी परत देऊ शकलं नाही, हे मी आमच्या वरिष्ठ पर्यवेक्षकांना सांगितलं. त्यानंतर अडीच तासांच्या पेपरला 50 मिनिटं जादा, हे तिच्या बैठक क्रमांकासह, दालनातल्या पर्यवेक्षकाच्या हातात सही घेऊन दिलं गेलं. नुसतं ‘विद्यापीठाचं पत्र कार्यालयात आहे’ यावर सोडलं नाही.

तरीही एक गोष्ट घडलीच. बैठक व्यवस्थेची यादी फलकावर लागली तेव्हा तिच्या क्रमांकापुढे कार्यालयाने कंसात ‘दिव्यांग’ असं टाइप केलं होतं. दुपारपर्यंत वर्गाला कळलं. वडिलांनी घातलेली एकमेव अट मोडली. ती पुढचे दोन दिवस महाविद्यालयात आली नाही. यादी उतरवून नवी लावली, पण जे पसरायचं ते पसरलं होतं. मला या प्रकरणातली सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट हीच आहे, कारण ती टाळायला ना निधी लागत होता, ना कोणाची मंजुरी.

परिणाम

उन्हाळी परीक्षेत, केवळ जादा वेळेवर, अकाउंटिंगचा राहिलेला पेपर तिने 44 गुणांनी सोडवला. दुसऱ्या सत्राच्या अकाउंटिंगला 47 मिळाले. अर्थशास्त्रात मात्र लेखनिक नसल्याने 29 वर निभावलं.

दुसऱ्या वर्षी लेखनिक मिळाला. आमच्याच कनिष्ठ महाविद्यालयातली बारावीची मुलगी. परीक्षेच्या दोन दिवस आधी लेखनिकाला भेटता यायचं, पण तेवढ्याने भागत नाही. तोंडी सांगून लिहवून घेणं शिकावं लागतं. सुरुवातीला ही भरभर बोले आणि ती अर्धंच लिही. ‘नवा मुद्दा’, ‘इथे अधोरेखन’, ‘आधीचं वाक्य वाच’ असं सांगायची सवय दोघींनी महिनाभर संध्याकाळी बसून लावली. व्यवस्थापनाच्या पेपरला तिला 45 गुण पडले. इंग्रजी आजही काठावरच आहे.

घरचा सूर बदलला. कशाने बदलला ते सांगता येत नाही. निकाल, की मुंबईतल्या रुग्णालयात वडिलांना भेटलेले इतर पालक. त्या रांगेत एक बँक अधिकारी आणि एक डॉक्टर आपापल्या मुलांना घेऊन बसले होते, हे वडील आम्हाला पुन्हा पुन्हा सांगत होते.

वेगळं काय करता आलं असतं

प्रवेश अर्ज. आता आमच्या अर्जावर आरक्षणापासून लांब, शेवटच्या पानावर एक साधा प्रश्न आहे: शाळेत किंवा बारावीला परीक्षेत कोणती सवलत मिळाली होती का? ‘दिव्यांग आहे का’ला नाही म्हणणारी मुलं या प्रश्नाला हो म्हणतात. पहिल्याच वर्षी अशी काही नावं पुढे आली. त्यांना सत्र सुरू होताच अठराव्या वर्षाच्या तपासणीबद्दल सांगितलं जातं, निकाल लागेपर्यंत थांबत नाही. कनिष्ठ महाविद्यालयाने बारावीची सवलत देताना पुढची तारीख त्याच कागदावर लिहून दिली असती, तर या मुलीचं पहिलं सत्र वाचलं असतं.

विद्यापीठाच्या अर्जावर लेखनिकासाठी एकच चौकोन आहे: हवा की नको. विषयवार मागणी करायची सोय नाही. 2018 च्या सूचनांत उमेदवाराला वेगवेगळ्या पेपरांना वेगळा लेखनिक किंवा वाचक घेता येत होता, विषयाला एकच असावा एवढी अट होती. तरी दर सत्राला आम्हाला वेगळं पत्र लिहून हे पुन्हा समजावावं लागतं. अर्जात विषयाच्या ओळीपुढे एक रकाना वाढवा, असा प्रस्ताव परीक्षा विभागाकडे दिला आहे. उत्तर आलेलं नाही.

तात्पुरत्या परवानगीत लेखनिकासाठी आम्ही आणखी जोर लावायला हवा होता का, यावर आमच्यात एकमत नाही. परीक्षा विभागाच्या मते जास्त ताणलं असतं तर जादा वेळही हातचा गेला असता. माझ्या मते जिल्हा शल्यचिकित्सकांचं पत्र जुन्या प्रमाणपत्रावर आधीच मागून पाहायला हवं होतं. नाही म्हणाले असते तर तोटा काहीच नव्हता.

अंतर्गत मूल्यमापनाचा आदेश एका विद्यार्थिनीच्या नावाने काढला, ही त्यातली उणीव. प्राचार्य बदलले की तो मागे पडेल. तो महाविद्यालयाच्या नियमावलीत जावा यासाठी विकास समितीपुढे विषय ठेवला आहे.

ती आता तृतीय वर्षात आहे आणि बँकेच्या परीक्षेची तयारी करते. 2016 च्या कायद्याच्या कलम 34 मध्ये सरकारी नोकऱ्यांतल्या 4 टक्के आरक्षणापैकी 1 टक्का ज्या गटांसाठी आहे, त्यात अध्ययन अक्षमता येते. संगणकावरच्या परीक्षेत हस्ताक्षराचा प्रश्न संपतो, पण पडद्यावरचा इंग्रजी उतारा ठरलेल्या मिनिटांत वाचून काढण्याचा प्रश्न उरतो. तो सुटलेला नाही. त्यासाठी ती आणि सर सध्या रोज एक उतारा घड्याळ लावून सोडवतात, आणि या सत्राचा सवलतीचा अर्ज तिने आम्हाला न विचारता स्वतः भरून कार्यालयात दिला आहे, चौकोनाशेजारी पेनाने विषयांची नावं लिहून.